बेससाठी वायरलेस: अ‍ॅनालॉगचा सुस्कारा की डिजिटलची गचकी?

टोनची नॉब पूर्ण बंद करून बेस गिटारवर ओपन ई (ई ची तार, मोकळी) वाजवा आणि दोन सेकंदांनी तळव्याने तार दाबा. साध्या केबलवर स्वर थांबतो आणि मागे काही उरत नाही. अ‍ॅनालॉग यूएचएफ वायरलेसवर (केबलऐवजी रेडिओ लहरींनी आवाज नेणारा सेट; यूएचएफ हा त्याचा रेडिओ पट्टा) स्वर थांबतो आणि त्याच्या मागोमाग एक बारीक ‘फस्स’ येऊन विरून जातं. गायकाला हे सहसा जाणवत नाही, गिटारवाल्यालाही फारसं नाही. बेसवाल्याला मात्र एकदा ऐकू आलं की मग प्रत्येक स्वरामागे तेच ऐकू येतं. माझ्यापुरता निकाल या ‘फस्स’वरच लागला, तेव्हा पुढचं वाचताना माझा कल कुठे आहे ते ध्यानात असू द्या.

पल्ला, चॅनेलांची संख्या, बॅटरीचे तास खोक्यावर छापलेले असतात, ते इथे सोडून देतो. प्रश्न आवाजाचा आणि खरखरीचा आहे. त्यात खरी निवड दोघांतच होते: कमरेला बॉडीपॅक (डबीएवढा ट्रान्समीटर) लावायचा अ‍ॅनालॉग यूएचएफ सेट, की २.४ गिगाहर्ट्झचा डिजिटल. डिजिटलमध्ये पुन्हा जॅकमध्ये थेट खोचायचं डोंगल आणि बॉडीपॅक असे दोन अवतार आहेत. त्यांच्यात लोक समजतात त्याहून बराच फरक आहे.

आधी तो ‘फस्स’ येतो कुठून ते पाहू. अ‍ॅनालॉग सेटमध्ये आवाज एफएमवर बसून जातो आणि त्या वाटेला स्वतःचीच खरखर असते. ती झाकायला ट्रान्समीटर आवाजाचा चढउतार २:१ ने दाबतो आणि रिसीव्हर तो १:२ ने पुन्हा उलगडतो. या जोडीला कंपँडर म्हणतात. तुम्ही गप्प असलात की रिसीव्हर सगळंच खाली दाबतो, खरखरीसकट. वाजवायला लागलात की सगळंच वर येतं, खरखरीसकट. गाण्यात किंवा गिटारमध्ये वरच्या पट्टीत भरपूर ऐवज असतो, त्याच्याआड खरखर लपते. बेसचा ओपन ई ४१ हर्ट्झला असतो, पाच तारांच्या बेसचा खालचा बी ३१ हर्ट्झला. कानाला टोचणारी खरखर असते हजारो हर्ट्झच्या घरात. खर्जातला स्वर तिला झाकायला पुरा पडत नाही, टोन बंद असेल तर मुळीच नाही.

दुसरी अडचण त्याहून खोल आहे. कंपँडरला ‘आत्ता आवाज किती’ हे सतत मोजावं लागतं. ३१ हर्ट्झच्या एका लाटेलाच ३२ मिलिसेकंद लागतात. मोजणारं सर्किट चपळ ठेवलं, तर ते स्वराची पातळी सोडून लाटेच्या चढउतारामागेच धावतं, गेन (आवाज किती वाढवायचा ते प्रमाण) ६२ हर्ट्झने वरखाली होतो आणि स्वरावर ९३ हर्ट्झच्या तिसऱ्या हार्मोनिकची (मूळ स्वराच्या तिप्पट कंपनाची) साय धरते. सर्किट संथ ठेवलं, तर स्वर संपल्यावरही गेन क्षणभर उघडाच राहतो, आणि तोच तो सुस्कारा. दोन्ही टोकांची सर्किटं तंतोतंत जुळली तर यातलं बरंच फिटतं. स्वस्त सेटमध्ये ती जुळत नाहीत, आणि मुळात जुळणी केलेली असते गायकाच्या आवाजासाठी. शिवाय १:२ ने उलगडताना वाटेतली चूकही दुप्पट होते. मध्ये एक डेसिबल इकडचं तिकडे झालं की शेवटी दोन होतात.

अर्थात हे सगळ्यांना ऐकू येईल असं नाही. कॅबिनेट जुन्या वळणाचं, एकच १५ इंची स्पीकर आणि हॉर्न (वरच्या सुरांचा भोंगा) नसलेलं असेल, तर वरची खरखर त्यातून बाहेरच पडत नाही. पण साऊंडवाल्याला डीआयमधून (बेस थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) सिग्नल दिलात तर मुख्य स्पीकरला हॉर्न असतोच, आणि कानात इन-इअर (कानात घालायचा मॉनिटर) असेल तर मग लपायला जागाच नाही.

अ‍ॅनालॉग सेट हातात असलाच तर विकण्याआधी एक काम करा. खरखरीच्या पुष्कळ तक्रारी ट्रान्समीटरचा गेन न जुळवल्याच्या असतात. बॉडीपॅकच्या झाकणाआड बारीक स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा ट्रिम असतो, नव्या मॉडेलात मेनू. बेसचा व्हॉल्यूम पूर्ण, ऑनबोर्ड ईक्यू (बेसवरच्याच टोनच्या नॉब) कार्यक्रमात जसा ठेवता तसाच, आणि जमेल तितक्या जोरात स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं). पीकचा दिवा सगळ्यात जोरदार फटक्याला जेमतेम लुकलुकेल इतका गेन चढवा आणि तिथून किंचित मागे घ्या. गेन कमी राहिला तर पुढे अ‍ॅम्पवर तो भरून काढताना खरखरही चढते. जास्त झाला तर स्लॅपचा ‘टक’ चपटा होतो. आत बॅटरीवर चालणाऱ्या १८ व्होल्टच्या प्रीअ‍ॅम्पचा बेस असेल तर ट्रान्समीटरवर १० डेसिबलचं पॅड (सिग्नल उतरवणारं बटण) आहे ना हे आधी पाहा. नसेल तर बेसचाच व्हॉल्यूम उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

आणखी एक खाच. कॉलर माईकसाठी बनवलेल्या काही बॉडीपॅकमध्ये लो-कट बसवलेला असतो, वाऱ्याची आणि कपड्याची घसघस काढायला. तो ६०–८० हर्ट्झच्या खाली कापतो, म्हणजे ई आणि बी दोन्हींचा पाया गेला. दुसऱ्या हार्मोनिकमुळे स्वर ओळखू येतो, म्हणून हे पटकन लक्षात येत नाही. फक्त ‘आज बेस पातळ वाटतोय’ अशी कुरबूर होत राहते.

डिजिटलला कंपँडरची गरज नसते. आकडे जातात आणि आकडे येतात. २४ बिटचा बरा सेट असेल तर ओपन ई थांबल्यावर केबलसारखीच शांतता मिळते. पण डिजिटल बिनसतं ते एकदम. अ‍ॅनालॉग आधी खरखरून इशारा देतं, डिजिटल गचकी खातं: स्वर अर्ध्यात गायब आणि पाव सेकंदाने परत. ढोलकी आणि बेस एकत्र चालत असताना ती गचकी लपत नाही.

हे टाळता येतं, पण थोडी शिस्त लागते. पहिला संशय प्रेक्षकांच्या मोबाईलवर घेतला जातो. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा मंचावरच बसलेला असतो: टॅबलेटवरून चालणाऱ्या मिक्सरचा वाय-फाय राऊटर. तो २.४ वर असेल आणि तुमचा रिसीव्हर त्याच रॅकवर ठेवलात तर गचक्या ठरलेल्याच. साऊंडवाल्याला राऊटर ५ गिगाहर्ट्झवर न्यायला सांगा. जमत नसेल तर रिसीव्हर त्याच्यापासून किमान तीन मीटर लांब घ्या. दुसरं, शरीर. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी साडेबारा सेंटिमीटरच्या, आणि माणूस म्हणजे त्यांच्यासाठी पाण्याचा पिंप. रिसीव्हर मॉनिटरच्या मागे जमिनीवर आणि ट्रान्समीटर पाठीमागे पट्ट्याला, अशी मांडणी असेल तर तुम्ही स्वतःच भिंत होता. रिसीव्हर छातीच्या उंचीला, अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवा. तो पेडलबोर्डवरच (पायाने चालवायच्या इफेक्टांच्या फळीवरच) असेल तर ट्रान्समीटर त्याच्याकडे तोंड असलेल्या कुशीला लावा. मोकळ्या हॉलमधल्या साऊंडचेकवर विसंबू नका, माणसं भरल्यावर पल्ला घटतो.

५.८ गिगाहर्ट्झची डोंगलं यावरचा उतारा म्हणून विकली जातात. तिथे गर्दी कमी हे बहुतेक ठिकाणी खरं आहे. पण लहर पाच सेंटिमीटरची, शरीराची सावली आणखी गडद, आणि वाय-फायची १४९ ते १६५ ही चॅनेलं त्याच पट्ट्यात बसतात.

आता डोंगल की बॉडीपॅक. डोंगलची सोय वादातीत आहे, घरी सरावाला त्यासारखं काही नाही. अ‍ॅक्टिव्ह बेसवर (आत प्रीअ‍ॅम्प असलेल्या) मात्र त्याचे रंग दिसतात. अशा बेसचा आउटपुट जॅक स्टिरिओ असतो. साधी पिन त्यातली रिंग आणि स्लीव्ह जोडते, तेव्हा कुठे नऊ व्होल्टची बॅटरी चालू होते. काही डोंगलांच्या पिनला चार्जिंगसाठी वेगळी रिंग असते. ती आतून नीट हाताळलेली नसेल तर प्रीअ‍ॅम्प चालूच होत नाही, किंवा अर्धवट चालू होऊन घूं-घूं करतो. अ‍ॅक्टिव्ह पिकअपला (तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकी भागाला) चालेल असं खोक्यावर स्पष्ट लिहिलं नसेल तर अ‍ॅक्टिव्ह बेससाठी घेऊ नका. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपच्या बेसवर दुसरा त्रास: डोंगलमधल्या व्होल्टेज सर्किटची बारीक शिट्टी पिकअप उचलतो. डोंगल आणि पिकअप यांत वीतभर अंतर पडलं की ती जाते, आणि बॉडीपॅकची छोटी वायर नेमकं तेवढंच अंतर देते. शिवाय डोंगल जॅकमध्ये तसंच ठेवून बेस पिशवीत घातला, की डोंगल बंद असलं तरी बेसची बॅटरी रात्रभर जळते. सकाळी आवाज घोगरा आला की दोष वायरलेसला दिला जातो.

पॅसिव्ह (आत प्रीअ‍ॅम्प नसलेल्या) बेसवाल्यांना वायरलेसवर पहिल्या दिवशी आवाज कर्कश वाटतो. हा बिघाड नव्हे. केबलच्या प्रत्येक मीटरला ढोबळ १०० पिकोफॅरड धरले, तर सहा मीटरची केबल पिकअपवर ६०० पिकोफॅरडचा भार टाकत असते आणि वरचे सूर खात असते. वायरलेसने तो भार उतरतो, म्हणून बोटांची किरकिर आणि फ्रेटचा खणखणाट पुढे येतो. टोन थोडा उतरवा, किंवा केबलची नक्कल करणारी सोय असलेला सेट घ्या. बॉसच्या डब्ल्यूएल-२० मध्ये ती आहे, डब्ल्यूएल-२०एल मध्ये मुद्दाम काढलेली आहे. अ‍ॅक्टिव्ह बेसला ही नक्कल नकोच.

डिजिटलमध्ये आवाज पोचायला होणाऱ्या उशिराबद्दल फार घाबरवलं जातं. चांगल्या सेटचे २.३ मिलिसेकंद म्हणजे अ‍ॅम्पपासून ऐंशी सेंटिमीटर मागे सरकणं. स्वस्त डोंगलचे सहा म्हणजे दोन मीटर. एकटं वायरलेस त्रास देत नाही. मॉडेलर (अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणारं यंत्र), डिजिटल मिक्सर आणि डिजिटल इन-इअर एकाला एक जोडत गेलात तर मात्र बोट आणि कान यांत फट पडते.

रिसीव्हरची वीज हा दुर्लक्षित कोपरा. पेडलांच्या एकाच माळेतून डिजिटल रिसीव्हरला नऊ व्होल्ट दिले की त्याचं क्लॉक इतर पेडलांत सीं-सीं करत शिरतं. त्याला वेगळं आयसोलेटेड (इतरांपासून तोडलेलं) आउटपुट द्या. ते नसेल तर निदान स्वतःचा अ‍ॅडॅप्टर.

डिजिटल यूएचएफमध्ये कंपँडरही नाही आणि २.४ ची गर्दीही नाही. शुअरचा एसएलएक्स-डी किंवा सेनहायझरचा ईडब्ल्यू-डी परवडत असेल तर हा लेख इथेच बंद करा. जुना यूएचएफ सेट स्वस्तात मिळत असेल तर मात्र ट्रान्समीटरवरचा फ्रिक्वेन्सीचा आकडा वाचा. भारतात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात ५जी साठी विकला गेला आणि तिथे आता मोबाईल बोलतात. अमेरिकेतल्या मंडळांत वाजवणाऱ्यांनी ६१७ ते ६५२ किंवा ६६३ ते ६९८ मधलं काही उचलू नये. त्या पट्ट्यांत वायरलेस माईकना १३ जुलै २०२० पासून मनाई आहे.

एका बाबतीत दोन्ही वायरलेस सारखेच उपकारक आहेत. लॉनवर जनरेटर, अर्थिंगचा पत्ता नाही आणि गाता गाता माईकला ओठ लागला, तर केबलवाल्या बेसिस्टला झटका बसतो. वायरलेसमध्ये तारांपासून अ‍ॅम्पपर्यंतची ती वाट तुटलेली असते. अर्थ-लूपचा हमही त्याच कारणाने जातो.

मी २.४ च्या डिजिटल बॉडीपॅककडे झुकलो. बॉसचा डब्ल्यूएल-६० त्या जातीचा: दोन पेन्सिल सेल, त्यामुळे मध्यंतरात बदलता येतात, आणि लहान-मोठ्या केबलची नक्कल हवी तेव्हा बंद. हॉर्न नसलेलं कॅबिनेट, चार तारा, पिकने वाजवणं आणि मंचावर वाय-फायचा गोंगाट, असं असेल तर चांगला अ‍ॅनालॉग सेट आजही वाईट सौदा नाही. गचकीपेक्षा सुस्कारा बरा म्हणणारे बेसिस्ट आहेत आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

दुकानात आपला बेस आणि आपली केबल घेऊन जा. आधी केबलवर खालची तार, मग वायरलेसवर तीच तार, अ‍ॅम्पचा ट्वीटर पूर्ण उघडा. टोन बंद करून स्वर दाबा आणि शेपूट ऐका. नंतर स्लॅप. मग रिसीव्हरकडे पाठ करा, ट्रान्समीटरवर तळहात झाका आणि दुकानाच्या दारापर्यंत वाजवत जा. दुकानदाराला खिशातल्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करायला सांगायला लाजू नका.