हृदयाचं दोन भागांचं मॉडेल: भिंती चोख, झडपा कच्च्या

नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षासाठी खऱ्या आकाराचं, पीव्हीसीचं, चुंबकावर बसणारं हे मॉडेल घ्यावं का? रचना शिकवायला जरूर घ्यावं. क्रिया शिकवताना मात्र त्याच्या दोन उणिवा सांभाळाव्या लागतात.

पुढचा भाग काढला की आधी निलयांच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांच्या, भिंती पाहा. डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या जवळजवळ तिप्पट जाड हवी आणि इथे ती तशीच आहे. दोन्ही निलयं दर ठोक्याला सारखंच रक्त ढकलतात, विश्रांतीत सुमारे ७० मिली. फरक आहे तो दाबाचा: डाव्याला महाधमनीत रक्त सोडायला पाऱ्याचे सुमारे १२० मिमी लागतात, उजव्याला फुप्फुस धमनीसाठी २५ पुरतात. जाडीचं कारण एवढंच, आणि भिंतीवर बोट ठेवून दाखवलं की ते पाठ करावं लागत नाही. ज्या मॉडेलात दोन्ही भिंती सारख्या असतात ते फुकट मिळालं तरी वर्गात आणू नये.

झडपांनी निराशा केली. द्विदल झडप (डाव्या अलिंद आणि निलयामधली; अलिंद म्हणजे वरचा कप्पा) भिंतीसोबतच ओतलेली, कडक. झडपेची दलं निलयातल्या पॅपिलरी स्नायूंना जोडणारे कॉर्डी टेंडिनीचे दोरे म्हणजे इथे नुसत्या रंगवलेल्या पांढऱ्या रेघा. त्यामुळे पॅपिलरी स्नायू झडप ओढून बंद करतात, असा गैरसमज हमखास होतो. झडप बंद होते ती निलयातला दाब अलिंदापेक्षा वाढल्यामुळे. स्नायू त्याच वेळी आकुंचन पावून दोरे ताणलेले ठेवतात, म्हणून दलं अलिंदात उलटत नाहीत. हे तोंडी सांगावंच लागतं. महाधमनीची झडप त्या मानाने चांगली जमली आहे: तीन खिसे, दोरे नाहीत, आणि खिशांच्या वर दोन्ही कोरोनरी धमन्यांची (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या) तोंडं स्पष्ट दिसतात.

दुसरी उणीव स्टँडची. त्यावर हृदय सरळ उभं राहतं. शरीरात त्याचं टोक डावीकडे, पुढे आणि खाली असतं, आणि समोरचा बराचसा पृष्ठभाग उजव्या निलयाचा असतो. मॉडेल स्टँडवरून काढून छातीसमोर तिरकं धरा, नाहीतर स्टेथोस्कोप कुठे ठेवायचा हे शिकवताना गोंधळ होतो.

भाग वेगळे करताना सरळ ओढा. पिळलं तर जोडाची खुंटी तुटते. स्पिरिट आणि ॲसिटोनने कोरोनरींचा रंग निघतो, म्हणून कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं वापरा.