फेंडर रोलिंग: पुढची दोन चाके घरी, मागची दोन दुकानात

माझी गाडी २०१५ची फोक्सवॅगन पोलो, चाकणच्या कारखान्यातलीच. मूळ १८५/६० आर१५ टायर काढून मी १६ इंची, ७ इंच रुंदीच्या रिमवर २०५/५० टायर बसवले आणि गाडी ३५ मि.मी. खाली आणणारे लोअरिंग स्प्रिंग घातले. कागदावर टायरचा व्यास जेमतेम ८ मि.मी.ने वाढला होता. खरी अडचण रुंदीची होती. रिम एक इंचाने रुंद झाली की त्यातला अर्धा इंच, म्हणजे सुमारे १३ मि.मी., बाहेरच्या बाजूला येतो, आणि ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर, ५ मि.मी.ने कमी असेल तर त्यात आणखी ५ मि.मी.ची भर पडते. मागच्या सीटवर दोन माणसे बसली आणि समोर गतिरोधक आला की चाकाच्या कमानीतून ‘खर्र’ असा आवाज येई. टायरच्या खांद्यावर खडूचा पट्टा ओढून एक फेरी मारली, तेव्हा खडू नेमका कमानीच्या आतल्या काठाला लागलेला आढळला.

हा काठ म्हणजे फेंडरचा, अर्थात चाकावरच्या मडगार्डचा, पत्रा चाकाच्या बाजूला आडवा वळवून केलेली, बोटाच्या रुंदीची पट्टी. ती आतून वर दुमडून पत्र्याला चिकटवली की टायरला तेवढी जागा मोकळी मिळते, आणि बाहेरून गाडीचा आकार बदलत नाही. यालाच फेंडर रोलिंग म्हणतात. पत्रा बाहेर ओढून कमान फुगवणे हा निराळा प्रकार आहे आणि त्याचा विचार मी केला नाही. काही गॅरेजांत लाकडी ठोकळा आणि हातोडा घेऊन हेच काम दहा मिनिटांत उरकतात. अशी एक गाडी मी पाहिली आहे, तिची कमान उन्हात तिरकी पाहिली तर लाटा मोजता येत होत्या.

पुण्यातल्या एका मॉडिफिकेशनच्या दुकानाने मला एका चाकाचे २,००० रुपये सांगितले. काठ दुमडण्याचे अवजार, म्हणजे रोलर, ऑनलाइन ७,५०० रुपयांना पडला. चार चाकांचा हिशेब जवळपास बरोबरीचा दिसतो, शिवाय अवजार आपल्याकडे उरते, असा विचार करून मी रोलर घेतला. हीट गन आणि लेझर थर्मामीटर यांचा खर्च मी त्या वेळी सोयीस्करपणे विसरलो होतो.

अवजार साधे आहे. चाक काढून हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागावर, एक जाड प्लेट बसवायची. तिच्यातून निघणाऱ्या लांबी बदलता येणाऱ्या दांड्याच्या टोकाला कडक पॉलीयुरेथेनचा रोलर असतो आणि त्याचा कोन स्क्रूने बदलता येतो. प्लेटच्या खाचा चार आणि पाच बोल्टांच्या बहुतेक मापांसाठी केलेल्या आहेत, त्यामुळे पोलोचे ५ x १०० हे माप बसते. पण हे अवजार स्टड (हबमधून बाहेर आलेले आटेदार खुंट) आणि नट असलेल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले आहे. पोलोच्या हबला स्टड नसतात, चाकाचे बोल्टच हबमध्ये पिळावे लागतात, आणि त्यांचे बूड गोलसर असल्याने ते सपाट खाचेत नीट टेकत नाहीत. जाड वॉशर आणून मी तो प्रश्न सोडवला. सोबतच्या कागदावर याचा उल्लेखही नव्हता. दुसरी तक्रार सांध्याची. दांडा जिथे फिरतो तिथे थोडी ढिलाई आहे, त्यामुळे जोर दिला की रोलर आधी तिरका होतो आणि मग पत्र्यावर दाबला जातो. नवशिक्याच्या हातून चूक होण्यासाठी एवढे पुरेसे आहे.

माझ्या हातून ती झाली. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घेतली, गियर पार्कमध्ये टाकला, कमानीच्या आतले प्लॅस्टिकचे अस्तर टॉर्क्स स्क्रू काढून बाजूला केले, काठावरची माती पुसून घेतली. रंग गरम असेल तर तो पत्र्याबरोबर वाकतो आणि थंड असेल तर तडकतो, म्हणून रोलरच्या पुढे पुढे हीट गन फिरवत ६० अंशांच्या आसपास तापमान ठेवायचे असते. मी हे काम डिसेंबरातल्या सकाळी सात वाजता सुरू केले. पुढच्या डाव्या बाजूला चौथ्या फेरीत दांडा कमानीच्या टोकाशी पोहोचला तेव्हा तिथला पत्रा निवलेला होता, आणि ती फेरी लवकर संपावी म्हणून मी स्क्रू एकदम अर्धा वेढा जास्त पिळला. ‘टच्’ असा बारीक आवाज आला. काठाच्या वळणावर चार सेंटिमीटर लांबीची, केसासारखी रेघ उमटली होती. उजवी बाजू मी दुपारी, ऊन अंगणात आल्यावर घेतली. प्रत्येक फेरीला स्क्रू पाव वेढ्यापेक्षा जास्त पिळला नाही, आणि दहा फेऱ्यांत काठ कुठेही न तडकता आत गेला. दोन चाकांना मिळून पाच तास लागले. चाके परत लावताना बोल्ट टॉर्क रेंचने १२० न्यूटन मीटरवर आवळले.

तडकलेल्या जागी प्रायमर लावावा की पॅनेलच रंगवावे हे विचारण्यासाठी मी आमच्या नेहमीच्या डेंटरकडे गेलो. त्याने रेघेवरून नख फिरवले आणि म्हणाला, “साहेब, पुढचं मडगार्ड बोल्टवर असतं, उद्या खराब झालंच तर काढून दुसरं लावू. मागचं मात्र घरी करू नका. ते चुकलं तर गाडी कापावी लागते.” पुढची दोन चाके घरी आणि मागची दोन दुकानात, हा निर्णय मी त्याच्या या वाक्यावरून घेतला, आणि माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचा मुद्दा तेवढाच आहे. पुढचा फेंडर एकेरी पत्र्याचा आणि सुटा असतो. मागचे क्वार्टर पॅनेल, म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा, गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेले असते, आणि त्याच्या कमानीच्या काठात बाहेरचा पत्रा व आतल्या चाकघराचा पत्रा असे दोन थर स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. मधल्या फटीत पाणी शिरू नये म्हणून सीलर भरलेला असतो. काठ दुमडला की दोन्ही थर एकमेकांवरून सरकतात आणि तो सीलर फाटू शकतो.

म्हणून मागच्या दोन चाकांचे ४,००० रुपये मोजून मी त्याच दुकानात गेलो. कारागिराचा हात पाहण्यासारखा होता. त्याचा रोलर माझ्यापेक्षा वजनदार होता आणि दांड्याच्या सांध्यात ढिलाई नव्हती. रोलर लावण्याआधी त्याने जाड काठाला ठरावीक अंतरावर हलका दाब दिला, हीट गन एका जागी कधीही थांबवली नाही, आणि थर्मामीटर न वापरता हाताची पाठ पत्र्याला लावून तो तापमान ओळखत होता. दीड तासात दोन्ही बाजू झाल्या. रंग शाबूत, कमानीची रेषा सरळ. या कौशल्याचे पैसे देताना मला जड वाटले नाही.

तक्रार आहे ती नंतरची. घरी येऊन दाढीचा आरसा आणि विजेरी घेऊन काठाच्या आत पाहिले, तेव्हा उजव्या बाजूला सीलर वीतभर लांबीत उघडलेला होता. दुकानात फोन केला तर “एवढ्याने काही होत नाही” असे उत्तर मिळाले. माझी गाडी दर पावसाळ्यात दोनदा तरी रत्नागिरीला जाते. दोन पत्र्यांच्या फटीत शिरलेले पाणी आणि खारी हवा काय करते, ते कोकणातल्या जुन्या गाड्यांच्या मागच्या कमानींवर कोणालाही पाहता येईल. गंज आतून सुरू होतो आणि रंगाला फोड येईपर्यंत बाहेरून काही कळत नाही. अखेर फट स्वच्छ करून, एपॉक्सी प्रायमर लावून आणि वर ब्रशने पीयू सीलंट भरून ते काम मीच केले. सामानाला ६५० रुपये लागले. दुकानात जाणाऱ्याने सीलर पुन्हा भरणे दरात धरले आहे का, हे गाडी देण्याआधी विचारून घ्यावे आणि काम झाल्यावर आरसा लावून पाहावे.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. काठ दुमडल्याचे कोणाच्या लक्षात येणार नाही, पण ज्या टायर-स्प्रिंगसाठी तो दुमडला ते बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२च्या (गाडीतील फेरफारांविषयीच्या) कक्षेत येऊ शकतात, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर ते पाहतोच. मी माझ्या विमा कंपनीला लेखी कळवून ठेवले आहे.

चारही कमानी झाल्यावर मागे तीन मोठी माणसे बसवून पुन्हा खडू लावला. तीन चाके स्वच्छ निघाली, डाव्या मागच्या चाकाला मात्र अजून पुसट खूण होती. मागचा बंपर कमानीला जिथे मिळतो तिथल्या स्क्रूचे डोके खाली डोकावत होते. काठ कितीही दुमडला तरी ते तसेच राहिले असते. स्क्रू बदलून चपट्या डोक्याचा लावला आणि प्लॅस्टिकचा कान कटरने तीन-चार मि.मी. छाटला. त्यानंतर आवाज आलेला नाही.

पुढच्या डाव्या कमानीवरची रेघ टचअपखाली झाकली गेली आहे, जवळून पाहिले तर मला दिसते. रोलर सध्या मामेभावाकडे आहे. त्याच्या स्विफ्टला स्टड असल्याने वॉशरची भानगड नाही, आणि अवजार फक्त पुढच्या दोन चाकांपुरते वापरायचे, असे त्याला बजावूनच दिले आहे.