नळ्या होत्या, पंप नव्हता: शस्त्रक्रियेची पोकळ उपकरणे धुणाऱ्या यंत्राच्या खरेदीत झालेली फसवणूक

कोथरूडमधील २२ खाटांच्या एका रुग्णालयात मी गेली १४ वर्षे शस्त्रक्रियागृहाची प्रभारी परिचारिका म्हणून काम करते. गेल्या वर्षी आम्ही पोकळ उपकरणे धुण्यासाठी अल्ट्रासोनिक क्लीनर, म्हणजे ध्वनिलहरींनी मळ सोडवणारे पात्र, विकत घेतला आणि त्या व्यवहारात रुग्णालयाचे १ लाख ८६ हजार रुपये गेले. यंत्र ताब्यात घेताना ‘डेमो समाधानकारक’ या शेऱ्याखाली सही माझी होती, ही गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त बोचते. पुण्यात आमच्यासारखी लहान रुग्णालये आणि दातांचे दवाखाने पेठापेठांत आहेत आणि ते यंत्र विकणारा माणूस त्यांच्याही दारात जात असणार, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया होतात. त्यातली सक्शनची नळी जेमतेम ५ मिलिमीटर जाडीची आणि फूटभर लांब असते. पोटात वायू भरायच्या सुईचे, म्हणजे वेरेस नीडलचे, छिद्र तर त्याहून कितीतरी बारीक. रक्त, चरबी आणि पेशींचे कण आत जाऊन वाळले की बाहेरून उपकरण कितीही लखलखीत दिसले तरी आतली भिंत मळलेलीच राहते. ते तसेच ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घातले तर १२१ किंवा १३४ अंशांची वाफसुद्धा त्या वाळलेल्या थराखालच्या जंतूंपर्यंत पोहोचेल याची खात्री देता येत नाही, कारण वाफेने पृष्ठभागाला प्रत्यक्ष स्पर्श करावा लागतो. म्हणून निर्जंतुकीकरणाआधी स्वच्छता हवी: उपकरण एन्झायमच्या द्रावणात भिजवायचे, योग्य मापाचा लांब ब्रश एका तोंडातून घालून दुसऱ्या तोंडातून बाहेर काढायचा आणि मग जोराच्या पाण्याने नळी धुऊन काढायची. एका नळीला चार-पाच मिनिटे सहज लागतात. दिवसाला सात-आठ शस्त्रक्रिया असल्या की आमच्या मावशींची बोटे संध्याकाळपर्यंत पाण्याने सुरकुतून जात. विक्रेत्याने नेमकी हीच अडचण हेरली. “सिस्टर, आता ब्रश मारायची गरजच उरणार नाही,” हे त्याचे पहिले वाक्य होते.

डेमोसाठी त्याने आमच्याच ट्रेमधील एक आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा) घेतला, ज्याच्या सांध्यात रक्त वाळले होते. पात्रात तो सोडून बटण दाबताच सांध्यातून तपकिरी धुरासारखा लोट निघाला आणि मिनिटभरात सांधा स्वच्छ झाला. डॉक्टर साहेबही ओपीडीतून उठून पाहायला आले होते. त्या डेमोत खोटे काहीही नव्हते. अशा यंत्रातील ध्वनिलहरी साधारण ४० किलोहर्ट्झच्या असतात. त्यांच्यामुळे द्रावणात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्या फुटण्याच्या धक्क्याने मळ सुटतो. पण जिथे द्रावण आहे तिथेच बुडबुडे तयार होतात. बारीक नळी पात्रात आडवी टाकली की तिच्यात हवा अडकून बसते आणि त्या हवेच्या जागी काहीच साफ होत नाही. म्हणूनच पोकळ उपकरणांसाठीच्या यंत्रात पंप असतो, जो प्रत्येक नळीतून द्रावण सतत खेळवतो, हवा बाहेर ढकलतो आणि सुटलेला मळ वाहून नेतो. आम्ही ज्यासाठी पैसे मोजत होतो ते हे काम, आणि डेमोत नेमके हेच दाखवले गेले नाही. भरीव उपकरण साफ होताना पाहून पोकळ उपकरणाबद्दल आमची खात्री पटली, इथेच आम्ही चुकलो.

साठ टक्के रक्कम आगाऊ आणि उरलेली यंत्र आल्यावर, असे ठरले होते. यंत्र आले तेव्हा उजव्या भिंतीवर सहा तोट्या होत्या, त्यांना लावायला निळ्या सिलिकॉनच्या नळ्या होत्या आणि ‘लुमेन फ्लश’ (नळीची पोकळी धुणे) लिहिलेले बटण दाबले की हिरवा दिवा लागत असे. आतून घरघर ऐकू येई. तो पंपाचा आवाज आहे असे त्याने सांगितले आणि आम्ही ते मानले. हीटर ६० अंशांवर ठेवा, गरम पाण्यात मळ लवकर निघतो, असेही त्याने बजावले. हे ऐकताच मला शंका यायला हवी होती. साधारण ४५ अंशांच्या वर रक्तातील प्रथिने उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी घट्ट होऊन धातूला चिकटतात, हे मी स्वतः नव्या मुलींना शिकवत आले आहे. म्हणून तापमान मी ४० अंशांवर ठेवले, पण त्याचे बाकीचे बोलणे तपासायचे मला सुचले नाही. ब्रश मारणे मात्र आम्ही बंद केले होते.

सतरा दिवसांनी, एका मंगळवारी, मी सक्शनची नळी कॉम्प्रेस्ड एअरने वाळवत होते. दुसऱ्या टोकाशी नेहमीप्रमाणे पांढरा गॉज धरला होता. हवा सोडल्यावर गॉजवर आधी चहाच्या रंगाचा ओला डाग उमटला आणि मागोमाग मोहरीएवढी काळपट खपली येऊन पडली. ही नळी यंत्रात १५ मिनिटांचे पूर्ण चक्र संपवून बाहेर आली होती. मी ब्रश घातला, तो तपकिरी होऊन बाहेर आला. त्या दिवशी तयार केलेल्या नऊ पोकळ उपकरणांपैकी चार आतून मळलेली निघाली.

डॉक्टर साहेबांना मी लगेच सांगितले. पुढच्या दोन दिवसांच्या शस्त्रक्रिया आम्ही पुढे ढकलल्या, पाकिटातील प्रत्येक पोकळ उपकरण पुन्हा हाताने धुतले आणि त्या सतरा दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाला खरे कारण सांगून तपासणीला बोलावले. ते फोन मीच केले. कोणालाही जंतुसंसर्ग झालेला नव्हता, पण शेवटचा रुग्ण तपासून होईपर्यंत मला रात्री नीट झोप लागली नाही.

त्यानंतर यंत्राची परीक्षा केली. पात्रात ताजे पाणी भरून, त्यात विरघळलेली हवा निघून जावी म्हणून यंत्र दहा मिनिटे नुसतेच चालवले आणि मग स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्या तळाला टेकू न देता पात्रात ठिकठिकाणी मिनिटभर धरल्या. यंत्र चांगले असेल तर सगळ्या पट्ट्यांवर साधारण सारखे खळगे आणि बारीक छिद्रे पडतात. आमच्या यंत्रात डाव्या कोपऱ्यातल्या पट्टीची चाळण झाली आणि उरलेल्या पट्ट्या जशाच्या तशा राहिल्या. तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती करणारे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आले आणि त्यांनी खालचा पत्रा उघडला. माहितीपत्रकात सहा ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनिलहरी निर्माण करणारे भाग, लिहिले होते, तळाला दोनच चिकटवलेले होते आणि तेही एकाच बाजूला. सहा तोट्यांमागे बोटभर लांबीचे नळीचे तुकडे होते व त्यांची तोंडे गरम गोंदाने बुजवली होती. पंप कुठेच नव्हता. ‘लुमेन फ्लश’च्या बटणाची वायर फक्त हिरव्या दिव्यापर्यंत गेली होती आणि घरघर होती ती पंख्याची. अशी साधी पात्रे दागिने उजळण्यासाठी सोनारांकडे असतात आणि त्यांची किंमत २५-३० हजारांच्या घरात असते, असे त्यांनी सांगितले. सोनाराच्या कामासाठी ते यंत्र वाईट नसेलही. पण खोट्या तोट्या बसवून ते शस्त्रक्रियागृहात विकणाऱ्या माणसाला त्या नळ्या पुढे कोणाच्या पोटात जातात हे ठाऊक होते, आणि त्याचा मला आजही संताप येतो.

कागदपत्रे तेव्हाच नीट पाहिली असती तर एवढे झाले नसते. चाचणी अहवालावरील मॉडेल क्रमांक आणि यंत्राच्या पट्टीवरील क्रमांक वेगळे होते. बिलावरील जीएसटी क्रमांक महाराष्ट्राच्या २७ या आकड्यानेच सुरू होत होता, पण जीएसटीच्या पोर्टलवर टाकताच ती नोंदणी रद्द झालेली दिसली. या तपासणीला दोन मिनिटे लागली. विक्रेत्याच्या भोसरीच्या पत्त्यावर गेलो तर तिथे पत्र्याचे काम करणारे वर्कशॉप होते आणि त्यांना यातले काहीच माहीत नव्हते. विक्रेत्याचा फोन तोवर बंद झाला होता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी हेतूने केलेल्या खरेदीला ग्राहकाचे संरक्षण नसल्याने ग्राहक आयोगापुढे पहिला वाद त्यावरच होईल, असे वकिलांनी सांगितले. त्यामुळे आम्ही भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रार दिली. पैसे अजून मिळालेले नाहीत.

सध्या सर्व पोकळ उपकरणे आम्ही पुन्हा ब्रशनेच धुतो. ब्रश प्रत्येक मापाचे नवीन आणले आहेत आणि मावशींच्या मदतीला आणखी एक मुलगी घेतली आहे. तोट्या असलेले असे यंत्र कोणी नुकतेच घेतले असेल किंवा घेणार असेल, तर उरलेले पैसे देण्याआधी पात्र भरून यंत्र चालू करावे, एका तोटीला स्वतःच्या रुग्णालयातील सर्वांत बारीक नळी जोडावी आणि तिचे मोकळे टोक पाण्याच्या पातळीच्या वर उचलून धरावे. पंप असेल तर त्या टोकातून पाणी सलग धारेने येईल. आमच्या यंत्रावर हे करून पाहिले तेव्हा एक थेंबसुद्धा आला नाही.