बाइक रेसिंगसाठी कॅननची 100-400 मार्क टू: काही महिन्यांच्या वापरानंतर

कॅनन ईएफ 100-400 मिमी एफ/4.5-5.6 एल आयएस टू ही लेन्स 2014 सालची. तिचे रिव्ह्यू भरपूर सापडतात, पण बहुतेक पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांचे. नवी मुंबईत नेरुळच्या डीपीएस तलावापाशी फ्लेमिंगो आले की ही लेन्स हमखास दिसतेच. मी ती बाइक रेसिंगसाठी वापरते, कॅननच्याच सेव्हन-डी मार्क टू कॅमेऱ्यावर, आणि तिथे तिच्याकडून मागणं वेगळं असतं. पक्षी स्थिर पकडला की काम झालं. बाइक स्थिर पकडली तर रेस संपली.

ताशी 180 किमी वेगातली बाइक सेकंदाला 50 मीटर जाते. 1/1000 सेकंदाच्या शटरला ती फक्त 5 सेंटीमीटर सरकते आणि चाक जेमतेम 9 अंश फिरतं. फोटो लख्ख येतो, पण सरळ रस्त्यावरची बाइक पार्किंगमध्ये उभी असल्यासारखी दिसते. 1/60 ला तीच बाइक 80 सेंटीमीटरच्या वर जाते. तेवढा वेळ कॅमेरा तिच्या गतीने वळत राहिला तर हेल्मेट शार्प, चाकं फिरती आणि मागचं सगळं आडव्या रेषांमध्ये ओढलेलं मिळतं. हे पॅनिंग या लेन्सवर किती जमतं, यावरच माझं मत आहे.

खूप चांगलं जमतं, आणि त्याचं मोठं श्रेय स्टॅबिलायझरला, म्हणजे हाताची थरथर भरून काढणाऱ्या यंत्रणेला. त्याला तीन मोड आहेत. मोड 1 स्थिर विषयांसाठी. मोड 2 पॅनिंग ओळखतो आणि आडवं पॅन करताना आडवी हालचाल मोकळी सोडून फक्त वर-खालचा थरथराट आवरतो. मोड 3 मध्ये दुरुस्ती फक्त शटर उघडं असताना होते, त्यामुळे व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्वतःहून सरकत नाही. माझा हात आता मोड 3 वरच बसलाय, कारण बाइकला नजरेने धरून वळताना चित्राने मध्येच अडवलेलं मला सहन होत नाही.

सगळे ही लेन्स 400 मिमीच्या लांब टोकासाठी घेतात. समोरून येणारा रायडर, वळणात झुकलेला, गुडघा डांबराला टेकतोय, तो फोटो 400 चाच. पण त्यात ताकद दिसते, वेग नाही. लांब टोकाला अंतरं चेपली जातात आणि बाइक तुमच्याकडे येतेय की जागेवर आहे, ते कळत नाही. वेगाचे माझे सगळे आवडते फोटो 100 ते 200 मधले आहेत, बाजूने घेतलेले. मागे झाडं, रंगीत टायरची भिंत किंवा माणसं असली तर रेषा उमटतात. नुसत्या आकाशासमोर बाइक लटकल्यासारखी दिसते. झूम रिंगशेजारची घट्ट-सैल करायची रिंग इथे उपयोगी पडते. 135 वर घट्ट केली की पॅन करताना झूम सरकत नाही.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला, मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर, दुपारचं ऊन अक्षरशः आडवं करतं. भर उन्हात आयएसओ 100 आणि 1/60 म्हणजे ॲपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) एफ/22 च्या आसपास, अगदी बारीक करावं लागतं. तिथे चित्र मऊ पडतं आणि सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी उठते. मी 77 मिमीचा पोलरायझर फिल्टर लावते. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि फेअरिंगवरची, म्हणजे बाइकच्या बाहेरच्या आवरणावरची, चमकही मारतो. लेन्सच्या तोंडावरच्या हूडला छोटी सरकती खिडकी आहे, त्यातून बोट घालून फिल्टर फिरवता येतो. इतकी साधी गोष्ट, पण ट्रॅकवर मी तिला रोज दुवा देते.

सराव मात्र घराजवळच. रविवारी सकाळी पाम बीच रोडला शहराच्या बाजूच्या फूटपाथवर, रस्त्यापासून नीट आत उभं राहायचं. ऊन पाठीमागून येतं, समोर दुभाजकाची झाडं आणि त्यांच्या पलीकडे खारफुटी. आधी सायकलवाले 1/30 ला, मग बाइक 1/125 ला. पाय जिथे फोटो घ्यायचा तिकडे रोवायचे, कंबरेतून वळायचं आणि शटर पडल्यावरही वळत राहायचं. बाइक अगदी समोर येते तेव्हा तिचा कोन सगळ्यात झपाट्याने बदलतो, त्यामुळे हात तिथेच मागे पडतो. सेकंदाला 10 फ्रेम्सचा बर्स्ट मदत करतो, पण कॅमेरा बटण दाबायच्या बराच आधीपासून बाइकसोबत वळत असायला हवा.

मातीच्या रेसमध्ये गणित बदलतं. उडी तिरकी असते, आणि मोड 2 आडव्या किंवा उभ्या पॅनिंगसाठी आहे. मी तिथे 1/400 च्या वर जाते. मागच्या चाकातून उडणारी माती वेगाचं काम स्वतःच करते.

वजन साधारण 1570 ग्रॅम. दिवसभर हातात धरून खांदा भरून येतो. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) लावला की दुखणं थांबतं, पण माझं वळणं तुटक होतं, म्हणून पॅनिंग हातातच.

फक्त पॅनिंग करायचं असेल आणि आरएफ माउंटची, म्हणजे कॅननची नवी मिररलेस बॉडी असेल, तर 635 ग्रॅमची आरएफ 100-400 एफ/5.6-8 आधी हातात घेऊन बघा. पॅनिंगला ॲपर्चर तसंही बंदच ठेवावं लागतं, तिथे एफ/8 ची अडचण होत नाही. ढगाळ हवेत समोरून येणाऱ्या बाइक गोठवायच्या असतील तर ही जुनीच बरी; ॲडॅप्टर लावून ती नव्या बॉडीवरही चालते. सेकंडहँड घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून आत मारून फंगस बघा, आणि दुकानाबाहेरच्या रस्त्यावरच्या रिक्षांवर तिन्ही मोड लावून पॅन करून बघा.