तामिया एलपी लॅकर नागपूरच्या हवेत: १/२४ गाडीच्या बॉडीवर कसे बसतात

१/२४ स्केलच्या प्लास्टिक मॉडेल गाडीत बघणाऱ्याची नजर आधी बॉडीवर जाते. इंजिनची वायरिंग, सीटबेल्ट, ब्रेक डिस्क हे सगळं नंतर. बॉडीचा रंग दाणेदार आला, तर आत केलेलं बारीक काम कोणी वाकून बघतही नाही. तामिया या जपानी मॉडेल कंपनीचे एलपी सिरीजचे लॅकर रंग या कामासाठी अतिशय चांगले आहेत: थर पातळ बसतो, पॅनल लाइन (दारं, बॉनेट यांच्या सांध्यांच्या बारीक रेषा) बुजत नाहीत आणि सुकल्यावर पृष्ठभाग पॉलिश सहन करण्याइतका कडक होतो. पण नागपुरात हे रंग वापरायचे, तर बाटलीइतकाच विचार थिनरचा करावा लागतो. ‘एलपी खरखरीत येतो’ अशी तक्रार इथे ऐकू येते, तिचं मूळ बहुतेक वेळा थिनर किंवा फवारण्याची वेळ यांत असतं.

आधी बाटलीबद्दल. १० मिलीची काचेची बाटली, तामियाच्या अ‍ॅक्रिलिक एक्स आणि एक्सएफ रंगांच्या छोट्या बाटलीएवढीच. म्हणून घाईत गल्लत होते. एक्स-२०ए हे अ‍ॅक्रिलिकचं थिनर एलपीला चालत नाही, त्यात रंग नीट विरघळत नाही आणि गुठळ्या धरतो. एलपीला लॅकर थिनरच हवं. तामियाचं साधं लॅकर थिनर २५० मिलीत येतं आणि त्याच मापात रिटार्डर घातलेला प्रकारही येतो. मिस्टर कलर या दुसऱ्या ब्रँडचं लेव्हलिंग थिनरही एलपीला उत्तम चालतं, त्यातही रिटार्डर असतोच. इतवारीत रंगाच्या दुकानात मिळणारं एनसी थिनर एअरब्रश (हवेच्या दाबावर रंग फवारणारं छोटं पेन) धुवायला बिनधास्त वापरा, पण रंगात घालू नका. त्याची घडण दर दुकानी, दर डब्याला बदलते, आणि ते जास्त तिखट निघालं तर प्लास्टिकवरच्या बारीक रेषा खाऊन टाकतं.

रिटार्डर म्हणजे सावकाश उडणारं सॉल्व्हंट. तो का लागतो, हे मे महिन्यात दुपारी एकदा फवारून पाहिलं की कळतं. बाहेर ४५ अंश, खोलीत ३८ ते ४०, हवा कोरडी ठणठणीत. एअरब्रशच्या नोझलमधून निघालेला थेंब बॉडीपर्यंत पोचायच्या आधीच अर्धा सुकतो. बॉडीवर पडतो तेव्हा त्याच्यात पसरायची ताकद उरलेली नसते. छपरावर आणि बॉनेटवर हात फिरवला की सँडपेपरसारखं लागतं. दरवाजे मात्र गुळगुळीत येतात, कारण त्यांच्यावर फवारा सरळ पडतो, छपरावर आजूबाजूचा उडालेला कोरडा रंग येऊन बसतो. त्यावर आणखी रंग मारून काही होत नाही. पूर्ण सुकू द्या, २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासून सपाट करा, मगच पुढचा थर.

इथल्या उन्हाळ्यासाठी प्रमाण असं: एक भाग रंग, दोन भाग रिटार्डरवालं थिनर, ०.३ मिमीची सुई, दाब १५ ते १८ पीएसआय, अंतर ७ ते ८ सेंमी. हिवाळ्यात हाच रंग साध्या थिनरात एकास दीड पुरतो आणि अंतर १० सेंमीपर्यंत नेता येतं. रिटार्डर वेगळ्या बाटलीतून घालत असाल, तर एकूण मिश्रणाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नका. त्याहून जास्त घातला की थर कितीतरी दिवस मऊ राहतो, हाताळताना बोटाचा ठसा उमटतो, आणि चाकांच्या कमानीच्या काठावरून रंग मागे सरून कडा उघडी पडते.

पहिले दोन थर धुक्यासारखे, दोन्हींत दहा मिनिटं. मग दोन ओले थर, प्रत्येकानंतर वीस मिनिटं. ओला थर म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब रंगात लगेच उमटलं पाहिजे. ते तुटक दिसत असेल तर हात जरा सावकाश चालवा, दाब वाढवू नका. दाब वाढवला की उन्हाळ्यात थेंब आणखी लवकर सुकतात.

आता कूलर. नागपुरात एप्रिल ते जून घरोघरी डेझर्ट कूलर चालू असतो, आणि मॉडेलचा रंग बऱ्याचदा त्याच खोलीत बिघडतो. कूलरची हवा थंड असते म्हणून ती रंगाला बरी, असं वाटणं साहजिक आहे. पण ती हवा दमट असते. सॉल्व्हंट उडताना बॉडीचा पृष्ठभाग झपाट्याने गार होतो, कूलरच्या हवेतली वाफ त्यावर बारीक पाणी होऊन बसते आणि चकचकीत काळा रंग दुधाळ पडतो. शिवाय खसच्या किंवा लाकडी गवताच्या ताटीतून सुटलेले बारीक तंतू वाऱ्याबरोबर येऊन ओल्या क्लियरमध्ये (सगळ्यात वरच्या पारदर्शक थरात) रुततात. ते चिमट्याने काढायला जाऊ नका, सुकल्यावर घासूनच जातात. फवारणीच्या अर्धा तास आधी कूलर बंद, खिडकी उघडी, जमिनीवर ओला पोछा आणि पोछा वाळल्यावर काम सुरू. उन्हाळ्यात सगळ्यात चांगली वेळ पहाटे साडेपाच ते साडेसात. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या ऐन उष्ण दिवसांत बॉडीवर ग्लॉस मारूच नका, ते दिवस चेसिस, सीट आणि डॅशबोर्ड या मॅट कामांना द्या. एलपी-५ सेमी ग्लॉस ब्लॅक किंचित खरखरीत आला तरी चेसिसवर खपून जातो.

पावसाळ्याची अडचण वेगळी. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० च्या वर असली की वर सांगितलेला दुधाळपणा कूलरशिवायही येतो. तो आला तर घाबरून रंग उतरवू नका. नुसतं रिटार्डरवालं थिनर अगदी पातळ धुक्यासारखं वरून फिरवा. वरचा थर पुन्हा सैल होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि चमक परत येते. हे त्याच दिवशी करायचं. भिंतीवर टांगायचं छोटं डिजिटल तापमान-आर्द्रता मीटर या छंदात खरोखर उपयोगी आहे: ६५ टक्क्यांच्या खाली आणि ३५ अंशांच्या आत असेल तरच ग्लॉस. कॉम्प्रेसरचा मॉइश्चर ट्रॅपही (हवेतलं पाणी अडवणारी छोटी वाटी) या दिवसांत दर बाटलीगणिक रिकामा करा, नाहीतर ऐन बॉनेटवर पाण्याचा थेंब थुंकतो.

रंगांबद्दल. एलपी-१ ब्लॅक अप्रतिम आहे, दोन ओल्या थरांत झाकतो. एलपी-२ व्हाइट झाकायला कमजोर आहे, त्याच्याखाली पांढरा प्रायमर (रंगाआधीचा पायाथर) हवाच, नाहीतर राखाडी रंग कडांवर डोकावत राहतो. लाल रंगांत एलपी-७ प्युअर रेड आणि एलपी-२१ इटालियन रेड, दोन्ही थोडे पारदर्शक. राखाडी प्रायमरवर ते विटकरीकडे झुकतात, तामियाच्या गुलाबी फाइन सरफेस प्रायमरवर मारले की रंग पेटून उठतो. किटचं प्लास्टिकच लाल असेल आणि त्यावर पांढरी गाडी करायची असेल, तर प्लास्टिकातला लाल रंग लॅकरमधून वर झिरपतो आणि पांढरा गुलाबी पडतो. तिथे प्रायमरखाली चंदेरी रंगाचा एक पूर्ण थर द्यावा, तो झिरपणं अडवतो.

एलपी-११ सिल्व्हर हा या सगळ्या सल्ल्याला अपवाद. त्यात धातूचे कण असतात. सावकाश सुकणाऱ्या थिनरात ओला थर मारला की हे कण तरंगत जाऊन ढग-ढग दिसतात, आणि दरवाजांवर खाली ओघळतात. सिल्व्हर साध्या थिनरातच, एकास दीड, पहाटेच्या गारव्यात, आणि सगळे थर अर्धे कोरडे. चमक त्याला क्लियर देईल.

पारदर्शक नसलेल्या रंगाची एक बाटली पातळ केल्यावर एका गाडीची बॉडी, बंपर आणि आरशांना पुरते. लाल, पिवळा आणि पांढरा यांच्या दोन घ्या. एकाच रंगाची दुसरी बाटली नंतर मागवण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतलेली बरी, कारण बंपर आणि बॉडी एकाच मिश्रणातून रंगवले तरच सांध्यापाशी फरक दिसत नाही.

एअरब्रश नसेल तर तामियाचे टीएस स्प्रे आहेत, १०० मिलीचा कॅन, तोही लॅकरच. गाड्यांच्या छटा टीएसमध्ये एलपीपेक्षा जास्त मिळतात. या बाबतीत एलपी अजून मागे आहे आणि गाड्या करणाऱ्यांना ते खटकतं. खरेदी करताना अक्षरं नीट वाचा: पीएस हे आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी, एएस विमानांसाठी, टीएस आपल्यासाठी. थंड देशांतले लोक कॅन कोमट पाण्यात ठेवून मग फवारतात, तसं इथे उन्हाळ्यात मुळीच करायचं नाही. दाब आधीच वाढलेला असतो, रंग जाड येतो आणि ओघळतो. टीएसचा रंग कपात काढून एअरब्रशने मारणं हा चांगला मार्ग आहे, पण काढलेल्या रंगात गॅस विरघळलेला असतो. मेमध्ये तो ढवळल्याबरोबर उकळल्यासारखा फसफसून कपाबाहेर येतो. कप सैल झाकून रात्रभर ठेवा, मग दहा-वीस टक्के थिनर घालून वापरा.

क्लियरसाठी एलपी-९ की टीएस-१३? डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, अक्षरं) नसतील तर दोन्ही सारखेच. डिकल असतील तर एलपी-९ घ्या. टीएस-१३ चा कॅनमधून एकदम ओला थर पडला की डिकल आकसतात किंवा चिरतात, कारण सॉल्व्हंट त्यांच्या फिल्मला खातं. एलपी-९ एकास दोन पातळ करून तीन धुक्याचे थर द्या, प्रत्येकानंतर पंधरा मिनिटं थांबा, तेव्हा कुठे ओला थर. डिकल त्याआधी किमान एक पूर्ण दिवस सुकलेले असावेत.

डिकल लावताना पाणी कोणतं, हाही इथला खास प्रश्न. बोअरचं पाणी जड असतं, सुकल्यावर डिकलच्या कडेला आणि खाली पांढरट डाग सोडतं, आणि क्लियरखाली तो डाग कायमचा बंद होतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर वापरा. एका गाडीला अर्धी वाटीही लागत नाही.

क्लियर मारून झाल्यावर बॉडी आठ दिवस बंद डब्यात. गच्चीवर किंवा उभ्या कारमध्ये ‘लवकर सुकेल’ म्हणून ठेवू नका. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण विंडशील्डजवळचे काडीएवढे पिलर वाकायला त्याहून बरंच कमी तापमान पुरतं, आणि मग समोरची काच बसत नाही. आठवड्याने ३००० च्या पेपरपासून सुरुवात, मग तामियाचे कंपाउंड क्रमाने कोर्स, फाइन आणि फिनिश. घासण्याआधी बॉडीच्या सगळ्या उठावदार कडांवर, म्हणजे चाकांच्या कमानी, बॉनेटची धार, दाराची हँडल यांवर, २ मिमीची टेप लावा. कडेवर क्लियर सगळ्यात पातळ असतं. तिथे दोन हात जास्त फिरले की खालचा प्रायमर दिसतो आणि तेवढीच जागा पुन्हा रंगवता येत नाही, अख्खा पॅनल करावा लागतो. टेप त्याच दिवशी काढा. उन्हाळ्यात रात्रभर राहिलेल्या टेपचा ठसा क्लियरवर उमटतो.

पॅनल लाइनसाठी तामियाचं पॅनल लाइन अ‍ॅक्सेंट कलर पॉलिश झाल्यावरच. ते इनॅमल आहे, सुकलेल्या एलपीला इजा करत नाही. मात्र उघड्या, ताणलेल्या प्लास्टिकवर गेलं तर चीर पाडतं, म्हणून आतल्या बाजूने ओघळू देऊ नका. उलट क्रम कधीच नको: इनॅमल किंवा अ‍ॅक्रिलिकवर जड लॅकर मारलं तर खालचा थर सुरकुततो.

वास उग्र आहे आणि तो फक्त वास नाही. कापडी किंवा साध्या सर्जिकल मास्कने काही अडत नाही, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क हवा. कारखान्यांना सेफ्टीचं सामान पुरवणाऱ्या दुकानांत तो मिळतो. फवारताना स्वयंपाकघरातला गॅस, देवासमोरचा दिवा आणि गॅस गीझर बंद. लहान मुलं असलेल्या फ्लॅटमध्ये बाल्कनीतच काम करा.

थिनर, एलपी आणि स्प्रे कॅन ज्वलनशील असल्याने विमानाने पाठवता येत नाहीत, बाहेरगावाहून मागवले तर रस्त्याने येतात. उन्हाळ्याचं सामान मार्चच्या आत मागवून ठेवा. कॅनवर ४० अंशांची मर्यादा दिलेली असते आणि वरच्या मजल्यावरची खोली मेमध्ये ती ओलांडते, म्हणून कॅन कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, बाहेरच्या भिंतीपासून दूर. उघडलेल्या एलपीच्या बाटलीचे आटे थिनरच्या बोळ्याने पुसून मगच झाकण लावा. आट्यांत रंग राहिला तर झाकण नीट बसत नाही आणि इथल्या उन्हाळ्यात अर्धी बाटली महिन्याभरात घट्ट होते. घट्ट झालेला एलपी थिनर घालून, काडीने ढवळून एक रात्र ठेवला की बहुतेक वेळा परत वापरात येतो. गाळणीतून गाळून घ्या, आणि तो बॉडीला न वापरता इंजिन बे आणि चेसिसला वापरा.