साडेतीनशेचा मल्टिमीटर आणि सेल्फ न घेणारी जुनी गाडी: नऊ महिने वापरानंतर

मार्चमध्ये घेतलेला हा साधा पिवळा डिजिटल मल्टिमीटर, लातूरला गोलाईजवळच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून, 350 रुपये. आता डिसेंबर आलाय, भरपूर वापरून झाला म्हणून लिहायलो. मीटर म्हणजे व्होल्ट, करंट, ओहम मोजायचं यंत्र, डायल कशी फिरवायची ते सगळ्यांना माहीत आहे, ते सांगत बसत नाही. मला एकच सांगायचंय, हा मीटर फेब्रुवारीत हातात असता आणि तो नीट वापरता आला असता तर माझे सहा हजार दोनशे रुपये वाचले असते.

गाडी 2010 ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच 24 पासिंग, एक लाख बत्तीस हजार किलोमीटर झालेले. 2025 ला 15 वर्षं भरली म्हणून पाच हजार फी भरून पाच वर्षांसाठी नोंदणी रिन्यू करून घेतली, ग्रीन टॅक्स (जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर) वेगळा भरला. म्हणजे ही गाडी 2030 पर्यंत चालवायची असं घरात ठरलंय, नवी घ्यायची ऐपत नाही असं नाही पण हिचं इंजिन अजून टकाटक आहे, मग कशाला काढायची.

फेब्रुवारीत आईला डोळ्याच्या दवाखान्यात लातूरला नेलं होतं. औशाहून वीसेक किलोमीटर, जाताना काही नाही. परत निघताना चावी फिरवली तर नुसतं टक्. परत फिरवली, परत टक्. डॅशबोर्डचे दिवे लागतात, हॉर्न वाजतो, इंजिन मात्र जागचं हलत नाही. आईच्या डोळ्याला पट्टी, बाहेर ऊन, तिला दवाखान्याच्या पायरीवर बसवून मी लोकांना धक्का मारायला बोलवत फिरलो. तो दिवस मी विसरणार नाही.

धक्क्यानं चालू झाली, तिथून थेट बॅटरीच्या दुकानात. त्यानं टर्मिनल हलवून बघितलं आणि म्हणाला बॅटरी गेली, तीन वर्षं झाली ना, आपल्याकडच्या उन्हात तीन वर्षं लई झाली. त्याचं हे म्हणणं खोटं नाही, उन्हानं बॅटरीतलं पाणी लवकर उडतं, प्लेटी लवकर मरतात. पण ती बॅटरी खरंच मेली होती का, हे त्यानं मोजलं नाही. जुनी देऊन वर 4300 घेतले. आठ दिवस गाडी एका सेल्फला चालू. नवव्या दिवशी परत टक्.

मग गॅरेज. तिथं एक जण म्हणाला इथेनॉलचं पेट्रोल यायलंय, त्यानं होतंय. मी तेव्हा मान हलवली, आज हलवणार नाही. इंजिन फिरतंय पण पेटत नाही तर पेट्रोल, पंप, प्लग, कॉईल बघायचं. इंजिन फिरतच नसेल तर पेट्रोलचा काही संबंधच नाही, तिथं आधी बॅटरी, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) आणि दोघांमधल्या वायरी बघायच्या. हा फरक आधी करायचा, मग पाना हातात घ्यायचा. मिस्त्रीनं सेल्फ उतरवला, कार्बन ब्रश आणि बुश बदलले, 1900 रुपये. पंधरा दिवस बरं चाललं, परत तेच. दोन्ही वेळेला थोडे दिवस बरं कामून चालायचं ते आता कळतंय, नवी बॅटरी आणि हलका झालेला सेल्फ मधल्या खराब वायरीला थोडे दिवस रेटून न्यायचे.

तेव्हा मीटर घेतला. घरी आल्याबरोबर बॅटरी मोजली, 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल. गाडी चालू करून मोजली, 14.1, म्हणजे डायनामो बरोबर चार्ज करतोय. साडेतीनशे रुपयांत दोन गोष्टींची खात्री झाली, लई बरं वाटलं. मग निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थची वायर तपासली, बीपवर ठेवून (वायर सलग असली की मीटर वाजतो ती सेटिंग). बीप वाजला. म्हटलं वायर चांगली आहे. इथंच मी फसलो आणि हेच मला सगळ्यांना सांगायचंय.

एप्रिलमध्ये तुळजापूरहून दर्शन करून येताना उजनीला बासुंदी खायला थांबलो. दुपारचे दोन, गाडी तापलेली, चावी फिरवली, टक्. पाच-सहा वेळा मारला सेल्फ. बायको म्हणाली अहो रबर जळल्यासारखा वास यायलाय. बोनट उघडलं तर शेजारी एक वयस्कर ट्रक ड्रायव्हर उभे होते, ते आले, इकडंतिकडं हात लावून बघितलं आणि क्लचच्या केबलीवर हात ठेवून थांबले. म्हणाले, "ही गरम कामून झाली? इंजिनाजवळ तर नाही ही." मीही हात लावला, केबलीचं वरचं रबर मऊ पडलेलं, बोटाला चिकटल्यासारखं लागलं.

"अर्थिंग बघा दादा तुमची. करंटला परत जायला वाट नाही, तो केबलीतून जायलाय."

मी म्हटलं काका, अर्थ मी मीटरनं तपासलीय, बीप वाजतो.

"बीप सोडा हो. लोड टाकून बघा, सेल्फ मारताना."

त्यांनी ट्रकमधून जंपर केबल आणली, तिची काळी वायर माझ्याच बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावली, दुसरी कुठली बॅटरी नाही काही नाही, आणि म्हणाले मारा सेल्फ. एका फटक्यात चालू. मला बोलायला सुचेना. पैसे द्यायला गेलो तर चहासुद्धा घेतला नाही त्यांनी.

घरी येऊन भाच्याला बसवलं. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक, आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवला म्हणजे इंजिन पेटणार नाही, नुसतं फिरेल. मीटर 20 व्होल्ट डीसीवर, काळा प्रोब (मीटरच्या वायरीची टोकदार पिन) बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लिपवर नाही, शिशाच्या खुंटीवरच), लाल प्रोब इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. भाचा म्हणतोय, "मामा, मारू?" म्हटलं मार, तीन सेकंद धर, कारण हा मीटर आकडा हळू बदलतो. नुसता उभा असताना 0.00. सेल्फ मारल्यावर 3.9. मग परत सेल्फ मारायला लावून बॅटरीच्या दोन खुंट्यांवर मोजलं तर 11.6, म्हणजे बॅटरी बसत नव्हती, धडधाकट होती. बॅटरी मेलेली असती तर तो आकडा नऊच्या खाली आला असता.

म्हणजे बारातले जवळजवळ चार व्होल्ट अर्थच्या वायरीतच खलास, सेल्फला काय उरणार. बीप कामून वाजला याचं कारण साधं आहे. मीटर तपासताना वायरीतून अगदी किरकोळ करंट सोडतो आणि तीस-चाळीस ओहम अडथळा असला तरी बीप देतो. सेल्फ मात्र शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. 130 अँपिअरला 0.03 ओहम अडथळा असला तरी 3.9 व्होल्ट गेले. आणि 0.03 ओहम या मीटरला दिसूच शकत नाही, ह्याच्या स्वतःच्या प्रोबच्या वायरीच त्याच्या दसपट आहेत. वायरीचे वीसातले दोन धागे शाबूत असले तरी बीप वाजेल, गाडी चालू होणार नाही.

वायर काढली. दहाचा पाना, दोन बोल्ट, पाच मिनिटांचं काम. बॅटरीच्या ट्रेखाली इंजिनाकडच्या टोकाला लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) वरून ठीक दिसत होता, वाकवला तर आतून हिरवी पावडर गळाली, तांब्याचे धागे अर्धेअधिक तुटलेले. वरून बॅटरीच्या ॲसिडची वाफ आणि गाडी मी कायम बोअरच्या पाण्यानं धुतो, आपल्या भागातलं बोअरचं पाणी कसंय माहीतच आहे, बादलीला पांढरा थर बसतो, तो तिथंही बसणारच. नवी वायर 180 रुपये. बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत घासली, आवळली, वरून व्हॅसलीन लावलं. परत मोजलं, 0.15. दोन-तीन दशांशाच्या आत असलं की चांगलं समजायचं. गरम झालेली क्लच केबल पण बदलली, ती सुरक्षित राहिली नव्हती.

180 रुपयांची वायर. सहा हजार दोनशे गेले. बॅटरीवाला, मिस्त्री, दोघंही वाईट माणसं नाहीत, पण दोघांच्या दुकानात मीटर भिंतीला लटकलेला होता आणि दोघांनीही तो काढला नाही. याचा मला आजही राग येतो.

आता मीटरवरचं माझं मत. मेपर्यंत मी सगळ्यांना घ्या म्हणून सांगत होतो. जुलैत मत फिरलं. मेहुण्याच्या गाडीची बॅटरी तपासून दिली, 12.7 दाखवली, म्हटलं बिनधास्त जा. तो निलंग्यात अडकला रात्री, पावसात, लेकरं सोबत. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी रात्रभर उभ्या असलेल्या माझ्याच गाडीची बॅटरी मोजली तर 13.4! उभ्या बॅटरीत इतके व्होल्ट असतच नाहीत. तेव्हा कळलं की मीटरच्या आतला 9 व्होल्टचा सेल उतरला होता, आणि हे स्वस्तातले मीटर सेल उतरला की आकडा कमी नाही, जास्त दाखवतात. स्क्रीनवर बॅटरीचं बारीक चिन्ह आलं होतं, मी लक्ष दिलं नाही. ह्याला ऑटो ऑफ नाही, ही ह्याची सगळ्यात मोठी खोट, रात्री चालू राहिला की सेल गेला. नवा सेल टाकून एका मित्राच्या भारी मीटरशी ताडून बघितला, फरक फक्त 0.03. म्हणजे मीटर खोटा नाही, पण आता आधी माझ्या गाडीवर मोजतो, मगच दुसऱ्याच्या.

प्रोबच्या वायरी कडक आहेत, सप्टेंबरात लाल वायर मुळाशी तुटली, डाग मारून घेतली. आणि 10 अँपिअरच्या भोकाला आत फ्यूज नाही, लाल पिन तिथं राहिली आणि तसाच बॅटरीला लावला तर थेट शॉर्ट. मी ते भोक टेपनं बंदच करून टाकलंय. सेल्फचा करंट तर ह्यानं मोजायचाच नाही.

जुनी अर्थ वायर डिकीत ठेवलीय, कुणी म्हणालं बॅटरी गेली की आधी ती दाखवतो. नोव्हेंबरात शेजारच्यांच्या ट्रॅक्टरला तसंच झालं, ते नवी बॅटरी आणायला निघाले होते, थांबवलं, अर्थवर 2.2 निघाले. गेल्या रविवारी माझ्या गाडीचं परत मोजलं, 0.16. सोमवारी आईला तपासणीला नेलं, परत निघताना ती आपणच विचारती, "होईल ना रं चालू?" एका सेल्फला झाली.