म्हापसा बाजारातले सालीचे काजू: ‘खराब’ म्हणजे नेमकं काय?

सुट्ट्या, सालीसकट भाजलेल्या काजूंबद्दलची तक्रार बहुधा एवढीच असते: ‘खराब निघाले’. यातून दुकानदाराला काही कळत नाही, पुढच्या गिऱ्हाइकालाही नाही. आधी चांगलं होतं आणि मग बिघडलं ते खराब, कोंकणीतलं ‘इबाडलें’. माल मुळातच हलका असेल तर तो वाईट. तब्येत खराब होते, स्वभाव वाईट असतो, तसंच.

खरा खराब काजू म्हणजे खवट. काजूत निम्म्याच्या जवळपास तेल असतं आणि हवा, ऊन, उष्णता लागली की ते जुन्या खोबऱ्यासारखं वास मारतं. पाकळी (म्हणजे अर्धा दाणा) आणि तुकडा आधी खवटतो, कारण हवा लागायला जागा जास्त. पारख सोपी आहे. साल चोळून काढा, दाणा मधोमध फोडून हुंगा, मग चावा. गिळल्यावर घशाशी खवखवलं तर पुडी परत. सालीसकट चाखू नका, सालीचा तुरटपणा खवटपणा झाकतो. पुन्हा भाजूनही उपयोग नाही, तेल सुधारत नाही.

मऊ पडलेला काजू मात्र खराब नव्हे, सादळलेला. पावसाळ्यात उघड्या पिशवीतला माल असा होणारच, खारवलेला तर आधी, कारण मीठ पाणी ओढतं. जाड तव्यावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परतून, पूर्ण गार करून बरणीत भरा. गरम भरलात तर वाफेने पुन्हा मऊ.

करपट दाणे सालीखाली लपतात, म्हणून मूठभर सोलून बघावेत. भोक किंवा जाळी दिसली तर किडका. कुबट वास आला तर बुरशी, सगळाच टाका. नुसता तुरट असेल तर ती साल आहे, दोष नाही.

सोललेल्या पाकिटांवर 240, 320 असे आकडे असतात. ते एका पौंडातले दाणे, म्हणजे आकडा मोठा तर काजू बारीक. बारीक म्हणून तो वाईट ठरत नाही.

चवीला हे काजू उत्तम, भरवसा मात्र प्रत्येक पोत्यागणिक वेगळा. 2023 साली गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालाची अधिकृत ओळख, मिळालं, पण सुट्ट्या मालावर ते वाचता येत नाही. ‘गावठी’ म्हणून सांगितलं तरी भाजणी कधीची ते विचारा, पाव किलोच घ्या, आणि दुकानाच्या दारात उन्हात टांगलेली पाकिटं सोडून आतली मागा.